वैयक्तिक मजकूर वगळून

अनुजाचा सकाळपासून हा तिसरा फोन. "काका, लेख?" एवढंच विचारते आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्यात माझ्या वयाचा मानही असतो आणि छापखान्याची मुदतही. अनुजा आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची आताची संपादक. राहते ठाण्याला, कोलशेतच्या खाडीकडच्या एका उंच इमारतीत. अंक मात्र अजून डोंबिवलीतूनच निघतो. सतरा वर्षं तो मी काढला. आता ती काढते, आणि माझ्यापेक्षा बरा काढते. तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो तिनं दिलेल्या विषयावर.

"काका, परदेशात गेलेल्या बायकांच्या त्या कादंबऱ्या... तुम्ही वाचनकट्ट्यावर बोललात ना, तेच लिहा. रडलात ना, अगदी तसंच."

"रडल्यासारखं लिहितात कसं?"

"म्हणजे मनापासून हो, काका!"

रडलो हे खरं आहे. ठाण्याच्या एका वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही पेन्शनर मंडळी जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. मागच्या महिन्यात पाळी माझी होती. कादंबरी होती लग्न करून थंड मुलखात गेलेल्या एका बाईची. नवरा कामावर गेला की ती रोज कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, विकत काही घेत नाही, डब्यांवरची लेबलं वाचते. त्या देशाची भाषा ती तशी शिकते. टोमॅटो, मीठ, साखर, यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो. एके दिवशी दुकान कायमचं बंद झालेलं असतं आणि ती बाहेर फुटपाथवर उभी राहते. जायला दुसरीकडे कुठे नाही म्हणून नुसती उभी राहते. इथवर आलो आणि मी चष्मा काढून डोळे पुसू लागलो. कोणी पाणी आणलं. शेजारी बसणारे तावडे कानाशी लागून म्हणाले, "सर, दर वेळेला काय हो हे? पुढच्या खेपेला जरा विनोदी घ्या. माझं बीपी बघा." पण बाकी सभा हळहळत होती. निघताना दोन बायका थांबून म्हणाल्या, "पुरुष असून किती संवेदनशील आहात!"

संवेदनशील. हा शब्द माझ्या पायात शिरलेल्या काचेसारखा झाला आहे. गेली काही वर्षं मी तो सगळीकडून ऐकतो, मान खाली घालतो, आणि लोकांना ते विनयाचं लक्षण वाटतं. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. आणखी किती वर्षं मान खाली घालायची? तेव्हा अनुजा, हा घे तुझा लेख. तू मागितलास तो नाही.

मुळात हा महिनाच मला सोसत नाही. परतीचा पाऊस निघून जातो आणि मागे जे ऊन पडतं ते चैत्रातल्यापेक्षा वाईट. चैत्रात निदान वारा असतो. या दिवसांत गच्च्यांवर गाद्या, गोधड्या आणि आमच्यासारख्यांची पुस्तकं वाळत पडलेली असतात, जिन्यात डांबरगोळ्यांचा वास भरलेला असतो, आणि स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा खमंग धूर येत असतो. कितीतरी वर्षं या धुरात बसून मी अंकाची प्रुफं तपासली. पंखा लावला तर कागद उडायचे, बंद केला तर घाम टपकून शाई फुटायची. संध्याकाळी दिवा लावला की भातावरचे बारीक हिरवे तुडतुडे यायचे. तेव्हा टिटवाळ्या-खडवलीकडे शेतं भरलेली असत आणि आमच्या डोंबिवलीच्या कडेलाही थोडी शिल्लक होती. एक तुडतुडा प्रुफावर चिरडला गेला आणि मी त्याला अनुस्वार समजून पुढे गेलो. अंकात एका आदरणीय लेखकाचं आडनाव त्यामुळे चुकीचं छापून आलं. वर्षभर ते मला भेटले की नाकातून बोलत. ही गोष्ट मी समारंभांतून अनेकदा सांगितली आहे आणि हशा मिळवला आहे. त्या काळात केलेली दुसरी चूक मात्र मी कुठेच सांगितली नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वीचा असाच ऑक्टोबर. अंक जवळजवळ बांधून झालेला. छपाई कल्याणला, एका बोळातल्या छापखान्यात होत असे. मालक दामले. सकाळी त्यांनी निरोप धाडला की एका सराफानं ऐनवेळी जाहिरात काढून घेतली आहे, दोन पानं रिकामी पडताहेत. मी स्कूटर काढून गेलो. दामले घामानं निथळत म्हणाले, "सर, संध्याकाळपर्यंत मजकूर द्या. नाहीतर दोन पानं कोरीच सोडतो. लोकांना रांगोळ्या काढायला होतील."

चिडून घरी आलो तर टपालपेटीत मंजिरीचं पत्र.

मंजिरी आमची एकुलती एक मुलगी. ठाण्याच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. त्याच वर्षी वैशाखात लग्न होऊन ती अमेरिकेत गेली होती. जावई संजय कॉम्प्युटरवाला. त्याच्या व्हिसावर तिला तिथे नोकरी करता येत नव्हती. फोन महाग होता. महिन्यातून एकदा, पाच मिनिटं, त्यातली दोन 'ऐकू येतंय का' यात जायची. म्हणून ती लिहायची. पिवळ्या रेघी कागदाची पाच-सहा पानं, दोन्ही बाजूंनी, निळ्या बॉलपेनानं. माझ्या शाळेत तीस वर्षं मी मुलांना निबंध शिकवले; तिच्यासारखं सरळ लिहिणारं एकही पोर मला भेटलं नाही.

त्या दिवशी पत्र फोडलं ते उभ्यानं, चप्पलही काढली नव्हती. पहिलं पान वाचतानाच मला काय वाटलं ते आज लिहितो. मला वाटलं, दोन पानं सहज होतील.

लाल पेन खिशात होतंच. जेवणाच्या टेबलावर बसून मी माझ्या मुलीचं पत्र तपासलं. फापटपसारा काढला. जिथे ती घरातलं बोलत होती तिथे समासात लिहिलं, 'वैयक्तिक, वगळा.' 'एकटी' हा शब्द चार ठिकाणी होता. तीन ठिकाणी काढला, चौथ्या ठिकाणी 'निवांत' केला. झाडांची गळलेली पानं गोळा करण्याबद्दल तिनं काही लिहिलं होतं, त्यात सौंदर्य असं काही नव्हतं. ते मी घातलं. छापून आलं ते असं: 'इथे शरदात मेपलची झाडं पेटतात आणि मला आपल्या दारातला पांगारा आठवतो.' आमच्या दारात पांगारा कधीच नव्हता. दारात माझी स्कूटर होती आणि शेजाऱ्यांची बादली.

तासाभरात पत्र दामल्यांच्या हातात दिलं. मूळ पत्रच, लाल खुणांसकट; छपाईनंतर ते परत आलं आणि माझ्या फायलीत गेलं. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, आपल्या लेकीचं ते पत्र पहिल्यांदा वाचलं ते छापील अंकात, वसुबारसेच्या दिवशी. हात पिठाचे होते म्हणून तिनं अंक कोपरानं दाबून धरला होता. वाचून झाल्यावर म्हणाली, "बरी आहे की पोर. मी उगीच घोर लावून घेत होते." मी म्हणालो, "बघ!"

अंक गाजला तो त्या दोन पानांमुळे. 'साता समुद्रापलीकडून' असं मी त्याला नाव दिलं होतं. याहून शिळं नाव मला सुचलं नाही आणि कोणाला ते शिळं वाटलंही नाही. लोक रस्त्यात थांबवून सांगायचे, "लेखणी वारशानं आलीय, सर." मग दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी तेच सदर. आता तिच्या प्रत्येक पत्राकडे मी मजकूर म्हणूनच बघू लागलो. आलं की वाचायचं, लाल खुणा करायच्या, फायलीत लावायचं. सुमनला वाचून दाखवायचो, पण वाचताना तोंडानंही संपादन चालू असे. ती भाजणी भाजत असे, मी दारात उभा राहून वाचत असे, आणि गाळायचं ते न अडखळता गाळत असे. त्यात मी वाकबगार झालो होतो.

आमच्या सोसायटीतल्या एक बाई एकदा पेढे घेऊन आल्या. त्यांची पल्लवी परदेशातलं स्थळ नको म्हणून अडून बसली होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या मंजिरीची पत्रं वाचायला दिली हो तिला, आणि पोरगी तयार झाली." तो पेढा मी खाल्ला. पल्लवीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आणि आता या कादंबऱ्या. निवृत्तीनंतर त्या माझ्या हाती लागल्या. बहुतेक भाषांतरित, काही मूळ मराठी. कोणी पंजाबातून गेलेली, कोणी बंगालमधून, कोणी आपल्याच कोकणातली. कोणी घरातसुद्धा कोट घालून बसते, कारण हीटरचं बटण कुठलं ते विचारायची लाज वाटते. कोणी आईला फोनवर न केलेल्या स्वयंपाकाचं वर्णन करते, आणि फोन ठेवून पाव खाते. मी वाचतो आणि खरोखर तळमळतो. रात्रीच्या जेवणावर लक्ष नसतं. सुमन विचारते, "आज कोण गेली?" म्हणजे आजची नायिका कुठल्या देशात गेली. मी सांगतो. ती म्हणते, "तिचं होईल नीट. तुम्ही भात घ्या."

मी स्वतःला खूपदा विचारलं आहे की हे माझं रडणं खोटं आहे का. चिडचिड याचीच होते की ते खोटं नाही. खोटं असतं तर सोडून दिलं असतं. त्या बायका मला जवळच्या वाटतात, त्यांचे नवरे मला ऐकू येतात, त्यांच्या खिडक्यांवरचं दव मी हातानं पुसू शकतो. पण मग माझ्या ध्यानात येतं की कादंबरीतल्या बाईला माझ्याकडून काहीही नको असतं. तिला पैसे नकोत, सल्ला नको, कपाटातला कुठलाही कागद शोधून द्यायला नको. मी खुर्चीतून उठावं अशी तिची अपेक्षा नाही. तिच्यासाठी मला फक्त रुमाल लागतो. माणूस इतक्या स्वस्तात चांगला होऊ शकतो म्हटल्यावर कोण सोडेल? माझ्यासारखे वाचनकट्ट्यावर पुष्कळ आहेत. तावडे तेवढे प्रामाणिक. त्यांना बीपी आहे.

या वर्षी अनुजाचा फोन आल्यावर मी ती जुनी फाइल काढली. लेखात मंजिरीच्या पत्रांतलं काही घालावं, म्हणजे कसं, कादंबरी आणि घर असं जोडलं जाईल, असा माझा विचार होता. बघा, सवय कशी असते! गच्चीवर पुस्तकांशेजारी सतरंजी टाकून मी ती पिवळी पानं उन्हात मांडली आणि पंचवीस वर्षांनंतर पहिल्यांदा ती माझ्या लाल शाईच्या खालून वाचली.

त्या पहिल्या पत्राच्या चौथ्या पानावर, 'वैयक्तिक, वगळा' या माझ्या सुरेख अक्षराशेजारी, तिनं कागदपत्रं मागितली होती. एम.एस्सी.चं प्रमाणपत्र आणि मार्कशीट. व्हिसावर नोकरी करता येत नसली तरी शिकता येत होतं. जवळच्या विद्यापीठात एक अभ्यासक्रम तिनं शोधला होता. तिथे प्रवेश वर्षातून एकदाच, जानेवारीत. मी तो परिच्छेद काढून टाकला होता, कारण अंकाच्या वाचकाला त्याचं काय? आणि एकदा मजकुरातून काढल्यावर तो माझ्या डोक्यातूनही गेला. पंधरा दिवसांनंतरच्या पत्रात पुन्हा तेच: पाठवलीत का? त्यावरही लाल रेघ. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी पत्र तयार करून ठेवलं होतं ना! दिवाळीनंतरच्या पत्रात तिसऱ्यांदा. त्यानंतरच्या पत्रांत कुठेच नाही. कागदपत्रं सगळा वेळ आमच्या गोदरेजच्या कपाटात, तिच्या शालूखाली होती. माझ्या टेबलापासून सात पावलांवर.

मी ती पानं घेऊन खाली आलो. सुमन मेथी निवडत होती.

"मंजूची सर्टिफिकेटं," मी म्हणालो, "कधी पाठवली गं आपण?"

"आपण?" तिनं वर न बघता विचारलं. "मी पाठवली. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंची मुलगी चाललेली ना, तिच्या बॅगेत. चैत्र होता."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. संक्रांतीच्या फोनवर. बाबांना वेळ होत नाहीये वाटतं, म्हणाली."

"मला का नाही बोललीस?"

सुमननं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्ही कौतुकात होतात. आणि सांगून काय झालं असतं? त्याचाही लेख केला असतात."

चैत्र म्हणजे जानेवारी गेली होती. पुढची जानेवारी येईपर्यंत माझी मुलगी त्या घरात अजून एक वर्ष बसली. त्या वर्षाचं पत्र मी दुसऱ्या अंकात छापलं आहे. त्यात हिमवर्षावाचं वर्णन फार सुंदर आहे. निम्मं माझं आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिच्याकडे सकाळ असताना, मंजिरीला व्हिडिओ कॉल लावला. ती आता पन्नाशीला आली आहे, तिथल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. कॉफीचा मग हातात, केस ओले. मी पाठ केलेलं सगळं भराभरा सांगून टाकलं. पत्रं, लाल पेन, कपाट, सात पावलं.

"बाबा, रडू नका हं," ती म्हणाली. "मला पावणेआठला निघायचंय."

"अगं, पण तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तीनदा. लेखी."

मी पानं कॅमेऱ्यासमोर धरली. ती डोळे बारीक करून बघत राहिली. "माझं अक्षर किती चांगलं होतं," म्हणाली. मग मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, ही पत्रं मी जशीच्या तशी छापणार आहे. एक शब्द न काढता. सगळ्यांना कळू दे.

"मुळीच नाही," ती म्हणाली. इतक्या पटकन की मी दचकलो. "तेव्हा मला न विचारता गाळून छापलंत, आता मला न विचारता न गाळता छापणार. फरक काय?"

"आता विचारतोय ना."

"विचारत नाही आहात, सांगताय. बाबा, ती पत्रं मी तुम्हाला लिहिली होती. तुम्हाला आणि आईला. डोंबिवलीला नाही. तुम्ही काय केलंत ते लिहा, हवं तेवढं लिहा. माझं दुःख तुम्ही नका छापू. तुम्हाला हलकं वाटायला हवंय म्हणून मी परत अंकात का येऊ?"

मी म्हणालो, निदान थोडं तरी. म्हणालो, नाहीतर मी काय गाळलं ते लोकांना कळणार कसं? आम्ही चक्क भांडलो. मागून संजय टोस्ट खात खात येऊन गेला आणि "नमस्कार बाबा, चालू द्या," म्हणाला. शेवटी मंजिरीनं कॉफीचा मग खाली ठेवला. "तीन वाक्यं," ती म्हणाली. "मी निवडणार. पानं एकेक करून दाखवा. आणि एक कानामात्रा बदललीत तर बघा."

मी मनाशी काही वाक्यं धरून बसलो होतो. तिसऱ्या पानावर एक होतं, ते वाचून कट्ट्यावर कोणाचा डोळा कोरडा राहिला नसता. ते पान दाखवलं तेव्हा ती थांबली, वाचलं, आणि म्हणाली, "पुढचं." वर मी जे दोन-चार शब्द उद्धृत केले आहेत तेही तिला वाचून दाखवून, तिची परवानगी घेऊन ठेवले आहेत. तिनं निवडलेली तीन वाक्यं ही. ती सांगत गेली, मी खाली मान घालून उतरवून घेतली.

'कपडे धुवायच्या दुकानात एक आजी भेटतात, त्या मला त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगतात, मला निम्म्याच समजतात, तरी मी रोज जाते, खरं तर आमचे कपडे आठवड्यातून एकदाच धुवायचे असतात.'

'संजय वाईट नाही, फक्त संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्याचे शब्द संपलेले असतात आणि माझे साठलेले असतात.'

"हे त्याला चालेल?" मी विचारलं.

तिनं मागे वळून मोठ्यांदा वाचून दाखवलं. स्वयंपाकघरातून संजय म्हणाला, "छापा. अजून तसंच आहे."

आणि तिसरं:

'बाबा, माझं एम.एस्सी.चं सर्टिफिकेट आणि चारही मार्कशीट कपाटात शालूखाली आहेत, ती रजिस्टर पोस्टानं लगेच पाठवा, इथे प्रवेश जानेवारीत आहेत.'

हे तिसरं वाक्य मला खटकलं, हे कबूल करतो. आधीची दोन कशी होती! माझ्यातला संपादक अजून मेलेला नाही. मी म्हणालो, "मंजू, तिसरं दुसरं काहीतरी निवड ना. हे म्हणजे नुसती यादी झाली. हे वाचून कोणाला काही वाटणार नाही गं."

ती उठली होती, किल्ल्या शोधत होती. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं.

"न वाटू दे," तिचा आवाज आला. "वाटायचं नव्हतंच काही, बाबा. पोस्टात जायचं होतं."